घटना आधी, वेळ नंतर

सांगितलेले भविष्य खरे ठरले नाही, की त्याची कारणे साधारण तीन दिली जातात. सांगणाऱ्याचा अभ्यास कमी पडला, ऐकणाऱ्याने उपाय नीट केला नाही, किंवा टिपणातली जन्मवेळच चुकीची आहे. पहिले कारण ज्योतिषाला आवडत नाही, दुसरे जातकाला. तिसऱ्यावर मात्र दोघांचे चटकन एकमत होते, कारण त्यात समोर बसलेल्या कुणाचाच दोष नसतो. दोष जातो चाळीस वर्षांपूर्वीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, नाहीतर त्या रात्रीच्या सुईणीकडे. मग जन्मवेळेची शुद्धी होते, लग्न (जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) किंवा नवमांश (राशीचा नववा भाग) बदलतो आणि आयुष्यात घडून गेलेल्या गोष्टी नव्या पत्रिकेत व्यवस्थित दिसू लागतात.

ज्योतिषाचे टीकाकार या शुद्धीकडे फारसे वळत नाहीत. ग्रहांचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होतो की नाही, या मोठ्या वादापुढे ती त्यांना किरकोळ तांत्रिक बाब वाटते. माझ्या मते हा वाद खरा इथेच सुरू व्हायला हवा. ज्योतिषाची सगळ्यात कच्ची बाजू या दुरुस्तीत आहे आणि स्वतःला सिद्ध करण्याची त्याची सगळ्यात सोपी संधीही तिच्यातच आहे.

अडचण खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. राशिचक्राचे ३६० अंश पूर्व क्षितिजावर दिवसभरात एकदा उगवून जातात, म्हणजे सरासरी चार मिनिटांना एक अंश. लग्नरास साधारण दोन तास टिकते, नवमांश तेरा-चौदा मिनिटे, षष्ट्यंश जेमतेम दोन मिनिटे. चंद्र एका नक्षत्रात सुमारे चोवीस तास असतो आणि त्यातला किती भाग त्याने ओलांडला आहे, यावर विंशोत्तरी दशेची, म्हणजे आयुष्यात एकामागून एक येणाऱ्या ग्रहांच्या कालखंडांची, जन्मावेळची शिल्लक ठरते. शुक्राच्या नक्षत्रावर जन्म असेल तर वीस वर्षांची दशा त्या चोवीस तासांवर पसरलेली असते. वेळेत एका मिनिटाचा फरक पडला की आयुष्यभराच्या सगळ्या दशा पाच दिवसांनी सरकतात. वीस मिनिटांची चूक असेल, तर तीन महिन्यांहून जास्त.

एवढी बारीक वेळ आणायची कुठून? सरकारी जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. ती शोधावी लागते दवाखान्याच्या कार्डावर, आणि तिथेही ती बाळ-बाळंतिणीचे सगळे पाहून झाल्यावर कुणीतरी घड्याळाकडे नजर टाकून लिहिलेली असते. घरी झालेल्या बाळंतपणांची वेळ तर आठवणींवर चालते. दिवेलागण झाली होती, गिरणीचा भोंगा नुकताच वाजला होता, रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. शिवाय जन्म म्हणजे नेमका कोणता क्षण, यावरही एकमत नाही. डोके बाहेर आले तो शीर्षोदय धरायचा, बाळ पूर्ण बाहेर आले ते भूपतन धरायचे, पहिले रडणे धरायचे की नाळ कापली तो क्षण? यांच्यात सहज काही मिनिटे जातात. पूर्वी पाण्यात ठेवलेले छिद्राचे तांब्याचे घटिकापात्र भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटी मोजली जाई. त्याखालची पळे अंदाजानेच सांगावी लागत. दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही ‘टेट्राबिब्लॉस’मध्ये हीच तक्रार केली आहे. छायायंत्राचा काटा जागचा हलतो, जलघड्याळाचा प्रवाह सारखा राहत नाही, तेव्हा जन्माचा नेमका अंश हाती लागायचा कसा, असे तो विचारतो. तेव्हा वेळ दुरुस्त करण्याची गरज कुणा लबाडाने काढलेली नाही. प्रश्न आहे तो दुरुस्ती कशाच्या आधारे होते, हा.

काही दुरुस्त्या निखालस योग्य असतात. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, पण मुंबईने ती बराच काळ मनावर घेतली नाही. शहरातली कितीतरी घड्याळे १९५०च्या दशकापर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेल्या ‘मुंबई टाइम’वर चालत होती. त्या काळात मुंबईत जन्मलेल्याच्या टिपणावर नुसते ‘सकाळी ८ वाजता’ असे असेल, तर ते कोणते आठ, हे विचारलेच पाहिजे. ३९ मिनिटांत लग्न जवळजवळ दहा अंश पुढे जाते. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभरची घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या वर्षांतल्या जन्माच्या पत्रिका करताना जाणकार ज्योतिषी हा तास वजा करतात, आणि ते बरोबरच आहे. या दुरुस्त्यांचे कारण घड्याळात आहे. त्या माणसाचे पुढे लग्न कधी झाले, वडील कधी गेले, नोकरी कुठे लागली, यांपैकी काहीही माहीत नसले तरी दुरुस्ती तेवढीच राहते.

इतिहासाचे संशोधकही असेच वागतात. शिवाजी महाराजांची जन्मतिथी शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, हा वाद महाराष्ट्रात अनेक दशके चालला. दोन तिथींत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर. दुसरी तिथी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, पुढे आली ती टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीमुळे. परमानंदाचे ‘शिवभारत’ आणि राजस्थानात सापडलेली कुंडली यांनी तिला दुजोरा दिला. या पुराव्यांत एक कुंडलीही आहे, हे महत्त्वाचे. संशोधकांनी ती कुणीतरी त्या काळी लिहून ठेवलेला कागद म्हणून वापरली. अफझलखानाचा वध आणि राज्याभिषेक कोणत्या लग्नावर चांगले जुळतात ते पाहून तिथी ठरवावी, असे या वादात कुणी म्हटले असते तर त्याला संशोधकांनी दारातूनच परत पाठवले असते.

आपल्या जुन्या ग्रंथांतही या शहाणपणाची चाहूल आहे. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त सूतिकागृहाची लक्षणे दिली आहेत. लग्नावरून दिव्याची वात किती जळलेली असेल, चंद्रावरून तेल किती उरले असेल, लग्न आणि चंद्र यांच्या मधल्या ग्रहांवरून बाळंतिणीजवळ बायका किती असतील, हे सांगता येते, असे तिथे म्हटले आहे. ती लक्षणे खरी ठरतात का, हा प्रश्न वेगळा. पण रचना बघा: वेळेची पडताळणी त्याच खोलीतल्या, त्याच क्षणाच्या साक्षींवरून करायची आहे. त्या बायकांना विचारता येते, दिवा पाहता येतो. ट्यूबलाइटच्या प्रसूतिगृहात ही कसोटी निरुपयोगी झाली आणि तिची जागा दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी घेतली.

पहिली पद्धत आकड्यांची. तिचा सर्वांत परिचित नियम असा: सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा इष्टकाल पळांत मांडा, त्याला ४ने गुणा, ९ने भागा. बाकी उरेल तितकावे नक्षत्र अश्विनी, मघा किंवा मूळ यांपासून मोजा. ते जन्मनक्षत्राशी जुळले तर वेळ शुद्ध. नाहीतर जुळेपर्यंत वेळ मागेपुढे करा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सूर्योदय ६:२०, कार्डावरची वेळ ७:४२. मधली ८२ मिनिटे म्हणजे २०५ पळे. चौपट ८२०, नवाने भागून बाकी १, म्हणजे अश्विनी, मघा किंवा मूळ. पण बाळाचे नक्षत्र रोहिणी आहे. रोहिणी चौथी, म्हणून बाकी ४ हवी. वेळ तीन पळे पुढे नेली की २०८ पळे होतात, चौपट ८३२, बाकी ४. जुळले. शुद्ध वेळ ७ वाजून ४३ मिनिटे १२ सेकंद.

ज्यांनी हे गणित कधी केलेले नाही, त्यांना त्या १२ सेकंदांचा फार आदर वाटतो. पण जरा थांबून पाहू. ४ने गुणून ९ने भागायचे, तर दर नऊ पळांत प्रत्येक बाकी एकदा येणारच. नऊ पळे म्हणजे ३ मिनिटे ३६ सेकंद. तुम्ही कोणतीही वेळ सांगा, खरी सांगा, खोटी सांगा, सहज तोंडाला आली ती सांगा. फार तर चार पळे, म्हणजे दीड मिनिटाच्या जरा वर, मागे किंवा पुढे गेले की नियमात बसणारी वेळ सापडतेच. जी कसोटी कुणालाच नापास करू शकत नाही, ती काही तपासत नसते. हीच गोष्ट कुंड नावाच्या पद्धतीची. त्यात लग्नाचे अंश ८१ने गुणून ३६०चे पट काढून टाकतात आणि उरलेल्या अंशांवरचे नक्षत्र जन्मनक्षत्र किंवा त्याचे त्रिकोणातले नक्षत्र आहे का, ते बघतात. हिशेब केला तर दिसते, की असे जुळणारे लग्न सुमारे दीड अंशाच्या अंतराने, म्हणजे दर सहा मिनिटांनी येते. कार्डावरच्या वेळेपासून तीन मिनिटांच्या आत एक ‘शुद्ध’ वेळ कायम तयार असते.

दुसरा आकड्यांचा नियम निदान धोका पत्करतो. पळांना २२५ने भागायचे. बाकी १५पर्यंत असेल तर मुलगा, पुढे ४५पर्यंत मुलगी, ९०पर्यंत मुलगा, १५०पर्यंत मुलगी, २२५पर्यंत मुलगा. आपल्या उदाहरणात २०८ आले, म्हणजे मुलगा. बाळ मुलगी असेल तर? मग रोहिणी आणि मुलगी या दोन्ही अटी पुऱ्या करणारी सर्वांत जवळची जागा २४४ पळांवर आहे. कार्डावर ७:४२ लिहिलेली मुलगी शास्त्राने ७:५७च्या पुढे जन्माला घालायची. त्या पंधरा मिनिटांत नवमांश बदलतो, कदाचित लग्नही. आणि हा नियम खरा मानला, तर २२५पैकी १३५ पळे मुलग्यांची आणि ९० मुलींची, म्हणजे शंभर जन्मांत साठ मुलगे आणि चाळीस मुली व्हायला हव्यात. जगात कुठेही निसर्गतः असे होत नाही. १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. शिवाय त्याच सकाळी ७:४०ला मुलगा आणि ७:४५ला मुलगी असे जुळे या नियमाने जन्मूच शकत नाही. ही विसंगती दिसायला दुर्बीण नको, पाटी-पेन्सिल पुरते. तरीही नियम पुस्तकांत छापला जातो आणि सॉफ्टवेअरमध्येही घातला जातो.

जाणते ज्योतिषी म्हणतील, आकड्यांचे हे नियम आम्ही फक्त प्राथमिक चाळणी म्हणून वापरतो, खरी शुद्धी आयुष्यातल्या घटनांवरून होते. तर आता तिकडे वळू.

या पद्धतीत जातकाकडून आठ-दहा ठळक घटना तारखांसह मागवतात: लग्न, पहिले मूल, नोकरी, अपघात, आई-वडिलांचा मृत्यू. मग वेळ अशी सरकवतात, की त्या त्या घटनेच्या दिवशी योग्य ग्रहाची दशा, अंतर्दशा, विदशा यावी. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. योहानेस केपलरने १६०८मध्ये वॉलेनस्टाइन या सरदाराची पत्रिका केली होती. वॉलेनस्टाइनने पुढे कोणती घटना प्रत्यक्षात कधी घडली, ते तिच्या समासात लिहून ठेवले आणि ती केपलरकडे सुधारण्यासाठी परत पाठवली. केपलरने जन्मवेळ काही मिनिटांनी हलवली. ज्या माणसाने मंगळाच्या कक्षेतली आठ कलांची तफावत सोडून न देता वर्तुळांची सगळी जुनी व्यवस्था मोडली, त्यानेच पत्रिकेच्या बाबतीत तफावत दिसताच निरीक्षण बदलले. मंगळाच्या वेळी त्याने टायको ब्राहेची निरीक्षणे पक्की धरली आणि सिद्धान्त बदलला. इथे सिद्धान्त पक्का धरला आणि नोंद बदलली. विज्ञान आणि ज्योतिष यांच्यातला फरक एकाच माणसाच्या हातून इतका स्पष्ट क्वचितच दिसला असेल.

घटना जुळतात, हा ज्योतिषांचा अनुभव मात्र खोटा नाही. त्या जुळतातच, कारण जुळवायला मोकळीक भरपूर आहे. विवाहाचे उदाहरण घ्या. सप्तमेश, सप्तमातला ग्रह, सप्तमावर दृष्टी असलेला ग्रह, कारक शुक्र, सप्तमेश ज्याच्या नक्षत्रात आहे तो ग्रह, द्वितीय आणि लाभ स्थानांचे स्वामी, नवमांशातला सप्तमेश. ग्रह मिळून नऊच, त्यांतले पाच-सहा विवाह ‘देऊ’ शकतात. दशेच्या तीन पातळ्यांवर यांपैकी कुणी ना कुणी असतोच. नाहीच बसले तर विंशोत्तरीऐवजी अष्टोत्तरी आहे, योगिनी आहे, गोचरी आहे. कृष्णमूर्ती पद्धतीत तर पत्रिका पाहायला बसलेल्या क्षणाचे ‘रूलिंग प्लॅनेट्स’ घेऊन त्यांच्याशी जुळणारे लग्न शोधतात. तेही नवांपैकी पाचांपर्यंत असू शकतात. इतक्या चाव्या खिशात असल्यावर कुलूप उघडणारच. त्यामुळे कुलूप आपलेच होते, हे मात्र सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट या सेकंदांच्या चोखपणाशी विसंगत आहे. राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता, यावर पंचांगकर्त्यांत एकमत नाही. चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. लग्नाच्या भाषेत तो सोळा मिनिटांचा. १९५०च्या दशकात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चित्रापक्षाच्या जवळचे मान स्वीकारले, पण सगळ्यांनी ते मानले असे नाही. म्हणजे एक ज्योतिषी चित्रापक्षाने आणि दुसरा रैवतपक्षाने त्याच माणसाची वेळ त्याच घटनांवरून शुद्ध करू शकतो. दोघांच्या वेळा वेगळ्या येतील आणि दोघांच्याही पत्रिका लागू पडतील. आरंभच सोळा मिनिटांनी हलता असताना बारा सेकंदांचा हट्ट कशासाठी?

इथपर्यंत सगळे कागदावरचे झाले. कागदावरून ते घरात शिरते विवाह जुळवताना. मंगळ लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत असला की पत्रिका मंगळाची. लग्नरास शेवटच्या अंशांवर असेल तर वेळ थोडी पुढे ढकलताच बाराव्यातला मंगळ अकराव्यात जातो आणि दोष संपतो. दुसऱ्यातला मंगळ पहिल्यात येतो आणि दोष लागतो. मुलीच्या बापाला हे माहीत असते, गुरुजींनाही असते. सोयीची दुरुस्ती करून एखाद्या मुलीचे लग्न जुळवून देणारे गुरुजी मला वाईट वाटत नाहीत. शास्त्रापेक्षा माणूस मोठा, हे त्यांनी आपल्या परीने ओळखलेले असते. पण हीच दुरुस्ती उलट्या दिशेनेही होते. संसार मोडला, की सुनेच्या पत्रिकेची ‘खरी’ वेळ शोधली जाते आणि तिच्यात आठवा मंगळ सापडतो. घडून गेल्यावर शोधलेला दोष हा पुरावा नसतो, आरोप असतो. आणि आरोपीला त्याला उत्तर देता येत नाही, कारण तिची जन्मवेळ आता तिच्या हातात राहिलेली नसते.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे. डॉक्टरसुद्धा लक्षणांवरून मागे जाऊन कारण शोधतात, मग घटनांवरून वेळ शोधली तर बिघडले काय? बिघडत काहीच नाही, पण डॉक्टर तिथे थांबत नाहीत. निदानाचा अंदाज ते रक्ताच्या तपासणीत पाहतात, आणि ती तपासणी त्यांचा अंदाज खोडूनही काढू शकते. जन्मवेळेच्या शुद्धीलाही अशी तपासणी लावता येते. तिच्याबाबतची माझी सूचना हीच आहे.

पुण्यात २००८मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिकांतून ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या, आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांची बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणे उडवून येतील त्याच्या आसपास. अशा चाचणीवर नेहमीचा आक्षेप घेता येतो: बुद्धी पत्रिकेतून इतकी सरळ दिसत नाही, शिवाय जन्मवेळा बरोबर कशावरून? शुद्धीच्या चाचणीत हे दोन्ही आक्षेप उरत नाहीत. इथे ज्योतिषाला स्वभाव, बुद्धी, नशीब यांतले काहीच सांगायचे नाही. सांगायचा आहे एक आकडा.

सिझेरियनच्या कागदपत्रांत जन्मवेळ नेमकी नोंदलेली आहे अशी, वयाने चाळिशी ओलांडलेली साठ माणसे निवडावीत. प्रत्येकाची तारीख, गाव, आयुष्यातल्या दहा घटना आणि खरी वेळ कुठेतरी आत असलेला दोन तासांचा पट्टा ज्योतिषांना द्यावा. खरी वेळ तिसऱ्याच माणसाकडे बंद पाकिटात असावी. पाच मिनिटे अलीकडे-पलीकडे चालतील. नुसत्या अंदाजाने बारापैकी एक, म्हणजे साठांत पाच उत्तरे बरोबर येतील. घटनांवरून खरोखर वेळ सापडत असेल तर तीस-चाळीस यायला हरकत नाही. आणि दवाखान्याच्या घड्याळावरही कुणाचा विश्वास नसेल, तर खरी वेळ बाजूला ठेवली तरी चालेल. एकच अयनांश आणि एकच पद्धत वापरणाऱ्या दहा ज्योतिषांना त्याच साठ टिपणांवर स्वतंत्रपणे वेळ काढायला सांगावी आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, एवढेच पाहावे. एकाच आयुष्यातून दहा जणांना दहा वेळा मिळाल्या, तर त्या वेळा आयुष्यातून आलेल्या नाहीत, हे सांगायला कुठल्याही वेधशाळेची गरज नाही.

या चाचणीला ना मोठा खर्च आहे ना सरकारी परवानगी. ज्योतिषांच्या संमेलनात एका दुपारी ती होऊ शकते, आणि ती घेण्यात खरा रस त्यांनाच असायला हवा. अनुभव पाठीशी आहे असे म्हणणाऱ्याला याहून स्वस्त आणि निर्विवाद प्रमाणपत्र मिळणार नाही.

ती होईपर्यंत ज्यांच्या घरात पत्रिका पाहिली जाते, त्यांना एक प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि तो मुलीकडच्यांनी तर न संकोचता विचारावा: ही वेळ बदलली ती घड्याळाबद्दल काही नवे कळले म्हणून, की आयुष्याबद्दल? पहिले असेल तर कागद दाखवा, आम्ही मान्य करू. दुसरे असेल, तर त्या पत्रिकेत आयुष्य आधीच भरलेले आहे. तिच्यावरून पुन्हा तेच आयुष्य वाचून दाखवण्याची दक्षिणा कशाची?